‘दंड’ म्हटल्यावर डोक्याच्या दोन बाजूंना काय होतं

‘दंड’ हा शब्द नुसता, आगापीछा नसलेला, समोर आला तर बहुतेकांना आधी पावती आठवते. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, काढा पैसे. लस टोचतात तो दंड त्यानंतर आठवतो, आणि कित्येकदा आठवतही नाही. निवड इतक्या झटक्यात होते की दुसरा अर्थ जागाच झाला नाही असं आपल्याला वाटतं. घड्याळ मिलिसेकंदांचं असेल तर मात्र चित्र वेगळं दिसतं. दुअर्थी शब्द वाचल्यावर त्याचे दोन्ही अर्थ जागे होऊ शकतात, आणि कुठला अर्थ कधी जागा होतो, किती वेळ जागा राहतो, हे मेंदूच्या कुठल्या अर्ध्यात मोजलं यावर अवलंबून असतं.

डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कवी, ही वाटणी आता इतकी रुळली आहे की तिच्यावर उन्हाळी सुट्टीतले वर्ग चालतात. ‘राइट ब्रेन’ जागा करून देतो म्हणून फी घेतली जाते. तो झोपला होता हे कुणी तपासलं, हे विचारायचं नसतं. शब्दार्थापुरतं बोलायचं तर ही वाटणी पहिल्याच प्रयोगात ढासळते. शब्द दोन्हीकडे आहेत. अर्थही दोन्हीकडे आहेत. फरक आहे तो निकाल लावण्याच्या घाईत: डावीकडे निकाल लवकर लागतो, उजवीकडे प्रकरण जरा जास्त वेळ खुलं राहतं. हा फरक अर्ध्या-पाऊण सेकंदाचा आहे, पण चालू बोलण्यात अर्ध्या सेकंदात एक-दोन शब्द होऊन जातात, त्यामुळे तो किरकोळ नाही.

मग भाषा ‘डावीकडे’ असते हे आपण कुठून शिकलो? पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण होता. काहीही विचारलं तरी ‘टॅन’ एवढंच बोलायचा, समजत मात्र बरंच काही होतं. तो १८६१ मध्ये वारला आणि तिथले डॉक्टर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू पाहिला. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात होती. तसे आणखी रुग्ण पाहून १८६५ मध्ये ब्रोकाने लिहिलं की आपण डाव्या गोलार्धाने, म्हणजे मेंदूच्या डाव्या अर्ध्याने, बोलतो. १८७४ मध्ये कार्ल वेर्निकेने समजण्यातल्या बिघाडाची जागाही डावीकडेच, पण मागे, दाखवली. पुढे जून वाडा यांच्या चाचणीत मानेतल्या एका बाजूच्या रोहिणीतून औषध सोडून मेंदूची तेवढीच बाजू काही मिनिटं बधिर करता येऊ लागली. मॉन्ट्रियलमध्ये एपिलेप्सीच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं केलेल्या या चाचणीचे आकडे १९७७ मध्ये छापले गेले: उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी सुमारे ९६ टक्के लोकांत बोलणं डावीकडे, आणि डावखुऱ्यांतही ७० टक्के लोकांत डावीकडेच. उरलेल्या डावखुऱ्यांत निम्म्यांचं उजवीकडे आणि निम्म्यांचं दोन्हीकडे. म्हणजे डावखुऱ्याचा मेंदू उलटा असतो हेही खरं नाही.

पण या सगळ्या पुराव्यात एक मेख आहे. वाडा चाचणीत काय पाहतात? रुग्ण बोलायचा थांबतो का. ब्रोकाने काय पाहिलं? बोलणं. तोंडाने शब्द बाहेर काढणं आणि शब्दाचा अर्थ लागणं या दोन गोष्टी आहेत, आणि शंभर वर्षं पहिल्या गोष्टीचा निकाल दुसरीलाही लावला गेला.

हे उघड झालं ते १९६२ नंतर. लॉस एंजेलिसमध्ये फिलिप व्होगेल आणि जोसेफ बोगन या शल्यविशारदांनी काही रुग्णांची एपिलेप्सी आटोक्यात यावी म्हणून दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा जाड पट्टा कापला. त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. या रुग्णांवर कॅलटेकमध्ये रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी प्रयोग केले. स्पेरींना त्या कामासाठी १९८१ चं नोबेल मिळालं. पडद्याच्या मधल्या ठिपक्यावर नजर रोखायला लावून त्याच्या डावीकडे, म्हणजे फक्त उजव्या गोलार्धाला दिसेल असा, ‘चमचा’ हा शब्द क्षणभर चमकवला की रुग्ण म्हणायचा, काही दिसलं नाही. आणि त्याच वेळी पडद्याआड चाचपडणारा त्याचा डावा हात, जो उजव्या गोलार्धाच्या ताब्यात असतो, बऱ्याच वस्तूंतून नेमका चमचा उचलायचा. ‘की’ ठिपक्याच्या डावीकडे आणि ‘रिंग’ उजवीकडे दाखवलं तर तोंड ‘रिंग’ म्हणायचं आणि डावा हात किल्ली शोधून काढायचा. उजव्या अर्ध्याला वाचता येत होतं, अर्थ लागत होता. सांगायला तोंड नव्हतं. एरान झायडेल यांनी पुढे डोळ्यात बसवायची खास लेन्स वापरून एकाच गोलार्धाला निवांत चित्रं दाखवली, तेव्हा ऐकलेल्या सुट्या शब्दांची समज उजवीकडेही शाळकरी मुलाइतकी चांगली निघाली. मात्र ‘छोटा पिवळा गोल मोठ्या हिरव्या चौकोनाखाली ठेवा’ अशा थाटाच्या लांब सूचनेवर हाच गोलार्ध पार गडबडायचा. शब्दसंपत्ती होती, व्याकरणाचं बळ नव्हतं.

ज्यांचा पट्टा शाबूत आहे अशा माणसांत हेच कसं मोजायचं? इथे एक गैरसमज आधी काढून टाकू. डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला नाही. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचा नाकाकडचा अर्धा भाग आपले तंतू पलीकडच्या बाजूला पाठवतो आणि कानाकडचा अर्धा त्याच बाजूला. त्यामुळे तुम्ही एका ठिपक्यावर नजर रोखलीत तर ठिपक्याच्या डावीकडचं सगळं, दोन्ही डोळ्यांतून, आधी उजव्या गोलार्धात पोचतं, आणि उजवीकडचं डाव्या गोलार्धात. एक डोळा झाकून ‘मी उजव्या मेंदूने वाचतोय’ असं कुणी म्हणालं तर त्याला एवढंच सांगावं.

नजर ठिपक्यावरून हलली की सगळं फुकट. नवीन जागी डोळा वळवायला साधारण १५० ते २०० मिलिसेकंद लागतात, म्हणून शब्द १८० मिलिसेकंदांच्या आत पडद्यावरून गेला पाहिजे. ६० हर्ट्झच्या साध्या मॉनिटरवर एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची, नऊ चौकटी दाखवल्या की बरोबर १५०. शंभर हवेत तर सहा. मधला आकडा मागितला तर संगणक तो मुकाट्याने पुढच्या पूर्ण चौकटीला नेऊन टाकतो आणि तुमच्या वहीत मात्र तुम्ही मागितलेलाच आकडा राहतो. अंतराचं गणित सोपं आहे: डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश. शब्दाची आतली कड ठिपक्यापासून निदान दोन अंश, म्हणजे दोन सेंटिमीटर लांब हवी. हनुवटी टेकायला आधार देणं अत्यावश्यक, कारण माणूस कंटाळला की पुढे झुकतो, आणि ५७ चे ४५ झाले की दोनाचे अडीच अंश होतात. डावी-उजवी बाजू सरमिसळ हवी, नाहीतर नजर आधीच तिकडे जाऊन बसते. ज्यांच्याकडे डोळ्यांचा माग काढणारं यंत्र नाही ते ठिपक्याच्या जागी एक आकडा चमकवतात आणि उत्तरानंतर तो विचारतात. आकडा चुकला की ती खेप रद्द.

उत्तर देणाऱ्या हाताचाही हिशेब ठेवावा लागतो. उजवा हात डाव्या गोलार्धाच्या ताब्यात, म्हणून निम्म्यांनी उजव्या हाताने कळ दाबायची आणि निम्म्यांनी डाव्या. आणि शेवटी ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो शब्द ओळखायला लागणाऱ्या वेळेतला फरक असतो वीस-तीस मिलिसेकंदांचा. तो एका खेपेत दिसत नाही; प्रत्येक माणसाच्या शेकडो खेपांची सरासरी काढावी लागते.

पट्टा शाबूत असताना माहिती पलीकडे जात नाही का? जाते. पोफेनबर्गरने १९१२ मध्ये साध्या प्रकाशावर बटण दाबायला लावून पलीकडे जाण्याचा खर्च काढला होता, त्या पद्धतीने तो काही मिलिसेकंदांचाच येतो. शब्दासारखी गुंतागुंतीची गोष्ट पलीकडे जाताना जास्त झिजते. तेव्हा या प्रयोगात एक गोलार्ध बंद असतो असं कुणी समजू नये. एकाला चांगली प्रत मिळते आणि दुसऱ्याला झेरॉक्स. निष्कर्ष तेवढ्याच जोरात काढावेत.

आता हेच मराठीत मांडायचं म्हटलं तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे, कारण इथे इंग्रजीचा साचा उचलून चालत नाही. दुअर्थी शब्दांची यादी करायला बसलं की पहिले सुचतात ते मान, हार, पाठ, माळ, नाव. सगळे लिंगाच्या खड्ड्यात पडतात. ती मान, तो मान. तो हार, ती हार. ती नाव, ते नाव. विभक्ती लागली की संदिग्धता संपलीच: मानेला आणि मानाला, पाठीवर आणि पाठावर, माळेत आणि माळावर, नावेत आणि नावात. मागे विशेषण आलं तरी तेच; ‘मोठी’ म्हटल्याबरोबर ‘माळ’ कुठली ते ठरलं. सुटा शब्द दाखवायचा असेल तर हे शब्द चालतील, वाक्यात घालायचे असतील तर नाहीत. मग तिन्ही-चारी अर्थांत लिंग न बदलणारे शोधावेत: पान, तार, अंक. पण हे अर्थ एकमेकांचे नातेवाईक आहेत. झाडाचं पान, वहीचं पान, विड्याचं पान, जेवायला वाढलेलं पान, सगळ्यांच्या मुळाशी एकच पान. सख्खे अर्थ एकमेकांशी फारसे भांडत नाहीत, आणि या प्रयोगात आपल्याला भांडणच मोजायचं असतं. एकाच लिंगाचे आणि वाचणाऱ्याला परके वाटणारे अर्थ पाहिजेत. म्हणून दंड. म्हणून कोट, अंगातला आणि किल्ल्याचा. म्हणून बार, फटाक्याचा आणि दारूचा. असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी ऐंशीची यादी करायला घाम फुटतो.

कुठला अर्थ आधी येतो हे संशोधकाने आपल्या मनाने ठरवायचं नाही. तीस-चाळीस वाचकांना नुसता शब्द द्यायचा आणि मनात येईल तो पहिला शब्द लिहायला सांगायचं. ज्याचा एक अर्थ ७० टक्क्यांहून जास्त जणांना आधी सुचला तोच यादीत घ्यायचा. हे वाचक आणि पुढे प्रयोगाला बसणारे एकाच वयाचे, एकाच वळणाचे हवेत. मराठी माध्यमात शिकलेल्या पन्नाशीच्या माणसाचा ‘तार’ आणि विशीतल्या मुलाचा ‘तार’ एक नाही. त्या मुलाने पोस्टाची तार पाहिलेलीच नाही, ती सेवा २०१३ मध्ये बंद झाली.

देवनागरीचे आपले स्वतःचे त्रासही आहेत. नजरेच्या केंद्रापासून तीन अंशांवर अनुस्वाराचा टिंब दिसेलच याची खात्री नाही. ‘दंड’ बाजूला दाखवला तर ‘दड’ वाचला जाऊ शकतो. म्हणून दुअर्थी शब्द मध्यभागी दाखवून त्यानंतरचा शब्द तेवढा बाजूला दाखवण्याची मांडणी आपल्याला सोयीची, आणि बाजूच्या शब्दांत टिंबावर अर्थ अवलंबून असलेले शब्द नकोत. रुंदी अक्षरांच्या संख्येवर न धरता पडद्यावर मोजावी, कारण टाइप करायला ‘विक्री’ला ‘खडक’च्या दुप्पट कळा लागल्या तरी तो पडद्यावर दुप्पट पसरत नाही. आणखी एक गोची लिपीच्या दिशेची. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे ठिपक्याच्या उजवीकडच्या शब्दाचं पहिलं अक्षर नजरेला जवळ असतं आणि डावीकडच्या शब्दाचं पहिलं अक्षर सर्वांत लांब. उजवीकडचे शब्द लवकर वाचले जातात त्याचं थोडं श्रेय या सवयीला जातं. सगळं जात नाही. उलट्या दिशेने लिहिल्या जाणाऱ्या हिब्रू आणि उर्दूतही उजव्या बाजूची सरशी टिकते. इंग्रजीत काही जण अक्षरं उभी, एकाखाली एक मांडून हा प्रश्न सोडवतात. आपल्याकडे शिरोरेघ तुटते, वेलांटी आणि उकार एकमेकांत घुसतात, आणि दुकानाच्या उभ्या पाटीसारखं काहीतरी तयार होतं, जे १५० मिलिसेकंदांत कुणालाच वाचता येत नाही.

खोटे शब्दही बनवावे लागतात, कारण प्रश्न साधाच असतो: दिसला तो खरा शब्द आहे की नाही? खोटा शब्द उच्चारता आला पाहिजे आणि अर्थहीन असला पाहिजे. मराठीत हे दुसरं फार अवघड. ‘गोळप’ म्हणून काहीतरी जुळवावं तर ते रत्नागिरीकडचं गाव निघतं. उरलेले कुणाचं तरी आडनाव.

एवढं जमलं की मोजायचं ते हे. १९७१ मध्ये मेयर आणि श्वानेवेल्ट यांनी दाखवलं होतं की ‘डॉक्टर’नंतर ‘नर्स’ हा शब्द जास्त लवकर ओळखला जातो. पहिल्या शब्दाने दुसऱ्याची वाट सोपी केलेली असते. तेच इथे. ‘दंड’ दाखवला, मग बाजूला ‘पावती’ किंवा ‘खांदा’ किंवा संबंध नसलेला शब्द. ‘खांदा’ लवकर ओळखला गेला तर समजायचं की दंडाचा तो अर्थ या क्षणी जागा आहे. (‘खांदा’वरही टिंब आहे, पण तो निसटला तरी दुसरा शब्द होत नाही. तरी ‘मनगट’ बरं.)

इंग्रजीत बर्जेस आणि सिम्पसन यांनी १९८८ मध्ये असा प्रयोग केला, पेढी आणि नदीकाठ असे दोन अर्थ असणाऱ्या ‘बँक’सारख्या शब्दांवर. दोन शब्दांमधलं अंतर एकदा ३५ मिलिसेकंद ठेवलं, एकदा ७५०. ३५ ला डाव्या गोलार्धात दोन्ही अर्थ जागे होते, नेहमीचा आणि दुर्मीळ. ७५० ला नेहमीचा तेवढा उरला होता, आणि दुर्मीळ अर्थाचे शब्द ओळखायला उलट उशीर होत होता. म्हणजे तो अर्थ नुसता विझला नव्हता, दाबला गेला होता. उजवीकडे क्रम फिरलेला. ३५ ला फक्त नेहमीचा अर्थ. दुर्मीळ अर्थ सावकाश उगवला आणि ७५० ला तिथे हजर होता. डाव्याने फाइल बंद केली तेव्हा उजवीकडे ती नुकती उघडत होती.

दोन वर्षांनी क्रिस्टीन किआरेल्लो आणि सहकाऱ्यांनी अर्थाच्या नात्यांचे प्रकार वेगळे करून पाहिले. हात आणि नाक हे एका वर्गातले, अवयव. पण हात म्हटल्यावर नाक कुणाला आठवत नाही. मधमाशी आणि मध एका वर्गातले नाहीत, पण जोडीने येतात. डॉक्टर आणि नर्स यांत दोन्ही आहे. दोन्ही नाती असली तर दोन्ही गोलार्धांना फायदा होतो. नुसतं एका वर्गाचं, आठवणीत जोडी नसलेलं नातं असलं तर फायदा उजव्या गोलार्धात दिसला. मार्क बीमन यांनी १९९४ मध्ये याच धाग्याला आणखी ताण दिला: रडणं, पाऊल, काच, आणि मग ‘कापणं’. तिन्हींतला एकही शब्द एकटा ‘कापणं’ आठवून देण्याइतका जवळचा नाही. तिघांची थोडी थोडी ओढ एकत्र झाली तर होतं. अशा बेरजेचा उपयोग उजव्या गोलार्धाला जास्त झाला. त्यांची कल्पना अशी की डावीकडे शब्दाभोवती लहान, लख्ख प्रकाशाचं वर्तुळ पडतं आणि उजवीकडे मोठं, मंद. मोठी वर्तुळं एकमेकांवर चढतात.

ही कल्पना देखणी आहे आणि म्हणूनच तिच्याकडे जरा संशयाने पाहावं. सगळं तिच्यात बसत नाही. वाक्यात शब्द आला की कारा फेडरमायर आणि मार्टा कुटास यांचा १९९९ चा प्रयोग वेगळीच गोष्ट सांगतो. कुटास यांनीच १९८० मध्ये स्टीव्हन हिल्यार्ड यांच्याबरोबर दाखवलं होतं की ‘गरम पावाला त्याने मोजे लावले’ अशा थाटाचं वाक्य वाचताना शेवटच्या विसंगत शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ईईजीत, म्हणजे डोक्यावरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखात, एक ठळक ऋण लाट येते. १९९९ च्या प्रयोगात हॉटेलला उष्ण कटिबंधातल्या रिसॉर्टचं रूप द्यायचं होतं, म्हणून रस्त्याच्या कडेने लावली... ताडाची झाडं. हे अपेक्षित. त्याजागी पाइन किंवा ट्यूलिप आलं तर? दोन्ही चूक. पण डाव्या गोलार्धाला पाइन दाखवला तर लाट ट्यूलिपपेक्षा लहान आली, जणू ताडाची तयारी आधीच झाली होती आणि झाड म्हणून पाइनला तिचा आयता फायदा मिळाला. उजव्या गोलार्धाला पाइन आणि ट्यूलिप सारखेच चूक. तो पुढचं ओळखत बसत नव्हता; जे आलं ते आधीच्या वाक्याशी ताडून पाहत होता. विरळ नात्यांना उजवीकडे जास्त थारा असतो म्हणावं, तर इथे पाइनला तो मिळाला नाही. मला यातून एवढंच पटतं की वर्तुळाच्या आकारापेक्षा वेळ महत्त्वाची: डावा गोलार्ध बोलतो, म्हणून त्याला पुढचा शब्द आधी तयार ठेवायची सवय, आणि ती सवय तो ऐकताना-वाचतानाही वापरतो. फेडरमायर यांचंही साधारण असंच म्हणणं आहे.

दुसऱ्या टोकाला बर्कली विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेला मेंदूतल्या शब्दार्थांचा नकाशा आहे. ॲलेक्स हूथ, जॅक गॅलंट आणि सहकाऱ्यांनी सात जणांना स्कॅनरमध्ये झोपवून रेडिओवरच्या दोन तासांहून जास्त गोष्टी ऐकवल्या आणि कुठल्या अर्थाच्या शब्दांना मेंदूचा कुठला ठिपका प्रतिसाद देतो ते मांडलं. माणसं, नाती, आकडे, जागा, स्पर्श यांचे इलाके सगळ्या वरच्या थरावर पसरलेले निघाले, आणि डावी बाजू आणि उजवी बाजू बऱ्यापैकी आरशातल्यासारख्या. स्कॅनरला सेकंद कळतात, मिलिसेकंद नाहीत. कुठे, हे विचारलं तर दोन्हीकडे. कधी, हे विचारलं तर फरक. दोन्ही उत्तरं एकत्र नांदू शकतात.

पक्षाघात उजव्या गोलार्धात झाला की यातलं काय मोडतं हे दवाखान्यात सहसा निसटतं. डाव्या गोलार्धातल्या पक्षाघातात अनेकदा वाचाघात होतो, म्हणजे बोलणं किंवा समजणंच बिघडतं, आणि तो पहिल्या दिवशी कळतो. उजवीकडच्यात माणूस स्पष्ट बोलतो, वस्तूंची नावं सांगतो, वाक्यं पूर्ण करतो. भाषेच्या नेहमीच्या चाचणीत पूर्ण गुण. एलेन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांनी १९७७ मध्ये अशा रुग्णांना ‘जड अंतःकरण’ या अर्थाचं वाक्य ऐकवून चार चित्रांतलं एक निवडायला सांगितलं. एकात रडणारा माणूस, एकात भलंमोठं लाल हृदय उचलताना धापा टाकणारा, आणि उरलेल्या दोन चित्रांपैकी एकात नुसती जड वस्तू, एकात नुसतं हृदय. उजव्या गोलार्धाची इजा असलेल्यांनी बरेचदा हृदय उचलणारा निवडला आणि त्यांना हसूही आलं नाही. तोंडी विचारलं तर मात्र अर्थ बरोबर सांगितला. वाचाघाताच्या रुग्णांचं उलटं: चित्र बरोबर, शब्दांत सांगता येईना. १९८३ मध्ये हायरम ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी विनोदाचे शेवट निवडायला दिले. उजवीकडे इजा झालेल्यांना विनोदाचा शेवट अनपेक्षित असावा लागतो एवढं कळत होतं, पण तो आधीच्या गोष्टीशी जुळावाही लागतो हे सुटत होतं.

पुढे स्कॅनर आले आणि रूपकाचं घर उजवीकडे आहे ही बातमी पातळ होत गेली. रुळलेली रूपकं बहुतांशी डावीकडेच उलगडतात. उजवीकडचा सहभाग नव्या, आधी न ऐकलेल्या रूपकांत जास्त दिसतो. म्हणून ‘पोटात कावळे ओरडतायत’ ही मराठीत निरुपयोगी चाचणी आहे. ते अख्खंच पाठ असतं. चित्रं दाखवायची तर एकाखाली एक लावावीत, कारण उजव्या गोलार्धाच्या पक्षाघातात डावीकडचं दुर्लक्षित होतं, आणि आडव्या ओळीत डावीकडचं चित्र निवडलं नाही म्हणजे अर्थ कळला नाही असं होत नाही. आणि कॉनी टॉम्पकिन्स यांच्या कामाने आणखी एक गाठ मारून ठेवली आहे: अशा रुग्णांत दुअर्थी शब्दाचा नको असलेला अर्थ निरोगी माणसांपेक्षा जास्त वेळ रेंगाळतो. उजवा गोलार्ध अर्थ खुले ठेवणारा असेल तर तो मोडल्यावर अर्थ लवकर मिटायला हवेत. होतं उलट. बाजूला शब्द चमकवून काढलेला नियम इजा झालेल्या अख्ख्या मेंदूला तसाच लावता येत नाही, हे इथे अगदी उघडं पडतं.

घरच्यांना दिसतं ते वेगळ्याच भाषेत. ‘बाबा आता चेष्टा समजत नाहीत.’ ‘आई प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेते.’ ‘गरम होतंय नाही?’ असं सुनेने म्हटलं की सासरे ‘हो’ म्हणतात आणि पंख्याच्या बटणाशी बसून राहतात. हट्टीपणा म्हणून याची भांडणं होतात. पंखा हवा असेल तर ‘पंखा लावा’ म्हणावं. टोमणा, उपरोध आणि सूचक बोलणं काही महिने बाजूला ठेवावं. विषय बदलताना तसं सांगावं, कारण पहिला लावलेला अर्थ मागे घेऊन दुसरा लावणं हेच त्यांना जड जातं. आणि स्पीच थेरपिस्टकडे जाताना वहीत तीन रकाने करून न्यावेत: नेमकं काय वाक्य बोललं गेलं, त्यांनी काय अर्थ घेतला, मग काय केलं. डिस्चार्जच्या कागदावर भाषेपुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं असलं तरी न्यावेत.